घोटा बरा झाला, तोल मात्र राहून गेला

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी दवाखाना उघडून मी नुकताच खुर्चीत बसलो होतो. बदनापूरकडच्या एका खेड्यातला बावीस-तेवीस वर्षांचा तरुण वडिलांच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आत आला. उजवा घोटा बाहेरच्या बाजूने टम्म सुजलेला. वडिलांनी आल्या आल्या पिशवीतून जुने कार्ड काढून टेबलावर ठेवले.

"कसा मुरगळला?" मी विचारले.

"पळत होतो सर. पोलीस भरतीची तयारी चालू आहे ना."

"खड्डा होता का?"

"नाही ना. सपाट डांबरी रस्ता. खडासुद्धा नव्हता. पायच आपोआप आत वळला."

तेवढ्यात वडील म्हणाले, "तिसऱ्यांदा झालं डॉक्टरसाहेब हे. दीड वर्षात तिसऱ्यांदा. पायात काही कमी आहे का त्याच्या?"

मी कार्ड पाहिले. पहिल्यांदा कबड्डी खेळताना मुरगळला होता, तेव्हा तो माझ्याकडेच आला होता. अक्षर माझेच. क्रेप बँडेज, दुखणे कमी करणाऱ्या गोळ्या, पंधरा दिवस विश्रांती. पुढच्या तारखेला लिहिलेले: सूज उतरली, दुखत नाही, चालतो. त्या दिवशी मी त्याला "झाला बरा, पळ आता" असे सांगितले असणार. तसेच सांगतो मी. तीस वर्षे सांगत आलो आहे.

वाचक हो, आजचा लेख त्या वाक्याबद्दल आहे. सूज उतरणे आणि दुखणे थांबणे म्हणजे घोटा बरा होणे नव्हे, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण दवाखान्यात पन्नास माणसे खोळंबलेली असताना बरा दिसणारा घोटा पाहून मी पुढच्या रुग्णाला हाक मारत आलो. त्याची किंमत त्या पोराने मोजली.

आधी घोटा म्हणजे काय ते पाहू. नडगीचे जाड हाड आणि त्याच्या बाहेरचे बारीक हाड, ही दोन्ही खाली येऊन एक खोबण तयार करतात आणि त्या खोबणीत पावलाचे वरचे हाड बसते. घोट्याला दोन्ही बाजूंना हाताला लागतात ती टोके या दोन हाडांची. हात लावून पाहा, बाहेरचे टोक आतल्या टोकापेक्षा खाली उतरलेले असते. त्यामुळे पाऊल बाहेर वळायला आडकाठी होते, आत वळायला तेवढी होत नाही. त्यातच आतल्या बाजूचा अस्थिबंध रुंद आणि दणकट, तर बाहेरच्या बाजूला तीन वेगवेगळे, मानाने बारीक अस्थिबंध. अस्थिबंध म्हणजे दोन हाडांना एकमेकांशी बांधणारी चिवट पट्टी, डॉक्टर मंडळी जिला लिगामेंट म्हणतात ती. म्हणून पाय मुरगळतो तो बहुतेक वेळा आतच वळून, आणि दुखावतो तो बाहेरच्या घोट्याच्या पुढच्या बाजूचा अस्थिबंध. आपण "शीर आखडली", "नस लागली" म्हणतो. खरे तर शिरेचा किंवा नसेचा तिथे काही संबंध नसतो. पट्टी ताणली जाते, थोडी उसवते किंवा पुरती तुटते, एवढेच.

इथवर सगळ्यांना कळते. पुढचा भाग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो राहून जातो.

डोळे मिटा आणि उजव्या पायाचा अंगठा वर उचला. तो वर गेला हे तुम्हाला न पाहता कळले. कसे कळले? सांध्याच्या वेष्टनात, अस्थिबंधांत, स्नायूंत आणि तळव्याच्या कातडीत मज्जातंतूंची अतिशय बारीक टोके असतात. सांधा किती वाकला, कोणत्या बाजूला झुकला, स्नायू किती ताणला गेला, ही खबर ती क्षणोक्षणी मज्जारज्जूला आणि मेंदूला पाठवत असतात. इंग्लंडचे शरीरशास्त्रज्ञ सर चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली या जाणिवेला प्रोप्रिओसेप्शन हे नाव दिले. पुढे १९३२ साली मज्जासंस्थेवरच्या कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मराठीत आपण तिला सांध्याची जाणीव म्हणू. पाहणे, ऐकणे, वास, चव आणि स्पर्श या पाच ज्ञानेंद्रियांत ती मोजत नाहीत, पण तिच्याशिवाय माणसाला नीट उभेही राहता येणार नाही.

उभ्या ज्वारीची राखण करायला रात्री जागल्या असतो, तसे हे समजा. रानडुकरे धुऱ्यावर आली की त्याने ओरडायचे आणि मग माणसांनी धावायचे. इथे जागल्या म्हणजे ही मज्जातंतूंची टोके, आणि धावणारी माणसे म्हणजे पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू. बाहेरच्या घोट्याच्या मागे बोट ठेवून पाऊल बाहेरच्या बाजूला वळवा, दोरीसारखे काही तरी बोटाखाली हलेल. त्या स्नायूंचीच ती दोरी. पाऊल आत कलंडू लागले की याच स्नायूंनी त्याला बाहेर ओढून सरळ करायचे असते. आता घोटा मुरगळला तेव्हा अस्थिबंधाबरोबर त्यातली ही टोकेही दुखावतात. वर सूज आणि वेदना, त्यामुळे पाय काही दिवस वापरला जात नाही. पट्टी आपोआप सांधत जाते. जागल्या मात्र झोपलेलाच राहतो. डुकरे आत शिरल्यावर तो ओरडतो.

त्यात वेळेचा हिशेब फार थोडा आहे. पाऊल वळून अस्थिबंध ताणला जाण्याचे काम डोळ्याची पापणी लवते त्याहून कमी वेळात उरकते. एवढ्या वेळात खबर वर जाऊन हुकूम खाली येणे कठीणच. म्हणून निरोगी शरीर आणखी एक युक्ती करते. पाऊल जमिनीला टेकण्याआधी, ते हवेत असतानाच, स्नायू किंचित आवळून घोटा योग्य कोनात धरून ठेवते. मुरगळून गेलेल्या घोट्यात ही पूर्वतयारी ढिली पडते. पाऊल किंचित आत झुकलेलेच खाली येते. मग सपाट रस्त्यावर, खडा नसतानाही, "पायच आपोआप आत वळला" असे होते. त्या पोराचे वाक्य अगदी बरोबर होते.

हे ओळखले इंग्लंडमधल्या मायकेल फ्रीमन या अस्थिशल्यचिकित्सकांनी, १९६५ साली. घोटा पुन्हा पुन्हा दगा देतो असे सांगणाऱ्या रुग्णांना त्यांनी तपासले, तेव्हा त्यांतल्या अनेकांचा सांधा काही ढिला नव्हता. पण दुखावलेल्या पायावर एकट्याने उभे केले की तोल जाई. त्यांनी रुग्णांना डुगडुगणाऱ्या फळीवर उभे राहण्याचा सराव दिला, आणि तो करणाऱ्यांत घोटा दगा देण्याची तक्रार कमी राहिली. फ्रीमन यांची समजूत अशी होती की सगळा दोष अस्थिबंधातल्या तुटलेल्या मज्जातंतूंचा. पुढे काही डॉक्टरांनी धडधाकट माणसांच्या घोट्याच्या अस्थिबंधात बधिर करणारे इंजेक्शन देऊन पाहिले, तर त्यांचा तोल फारसा बिघडला नाही. म्हणजे एक जागल्या झोपला तरी स्नायूंतले आणि तळव्याच्या कातडीतले दुसरे जागे असतात. बिघाड त्याहून मोठा असतो. मेंदू आणि मज्जारज्जू यांची त्या पायाशी असलेली वागणूकच बदलते. काही वेळा एका घोट्याच्या दुखापतीनंतर दुसऱ्या, चांगल्या पायाचा तोलही थोडा कमी झालेला आढळतो, तो यामुळेच. हे वाईट वाटेल, पण आपल्या फायद्याचे आहे. तुटलेले टोक पुन्हा जोडता येत नसले तरी मेंदूला शिकवता येते. शिकवायला औषध लागत नाही, सराव लागतो.

माझ्या स्वतःच्या घोट्याची हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी लग्नाच्या मांडवातून उतरताना माझा डावा पाय मुरगळला होता. महिन्याभरात बरा झाला, मी मोतीबागेत फिरायलाही जाऊ लागलो. एके संध्याकाळी दवाखान्याचा जिना उतरत असताना वीज गेली. रोज चारदा उतरतो तोच जिना. अंधार झाला त्या पायरीवर तोच घोटा पुन्हा आत वळला आणि मी खाली बसलो. डॉक्टर असून मला त्या दिवशी कळले की महिनाभर माझा घोटा डोळ्यांच्या भरवशावर चालत होता. तोल सांभाळायला शरीराकडे तीन आधार असतात: डोळे, कानाच्या आतले तोल राखणारे इंद्रिय, आणि पाय-सांध्यांची जाणीव. एक लंगडा पडला की दुसरे त्याचे काम झाकून नेतात. उजेडात काही कळत नाही. अंधारात, ढेकळांच्या रानात, डोक्यावर ओझे असल्याने खाली पाहता येत नाही तेव्हा, किंवा खेळताना नजर चेंडूवर असते तेव्हा ते उघडे पडते.

घरी करून पाहण्यासारखी एक परीक्षा सांगतो. अनवाणी, भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहा, घरातले कोणी तरी जवळ असू द्या. चांगल्या पायावर उभे राहून दुसरा पाय उचला. तीस सेकंद. मग मुरगळलेल्या पायावर. आता दोन्ही पायांवर आळीपाळीने डोळे मिटून तेच करा. डोळे मिटल्यावर कोणाचेही पाऊल थरथरते, घाबरू नका. पण एका पायावर वीस सेकंद टिकता आणि दुसऱ्यावर पाच सेकंदांत पाय टेकवावा लागतो, तर तो घोटा अजून बरा झालेला नाही, मग दुखो न दुखो. त्या पोराला सूज उतरल्यावर मी हे करायला लावले. डावा पाय एकोणतीस सेकंद. उजवा चार. वडील पाहतच राहिले.

डोळे मिटून तोल पाहण्याची ही पद्धत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या मॉरिट्झ रॉम्बर्ग यांनी अशा रुग्णांचे वर्णन केले, ज्यांच्या मज्जारज्जूला रोगाने ग्रासले होते. पाय जुळवून डोळे उघडे ठेवून ती माणसे उभी राहत, डोळे मिटले की डोलू लागत, पडत. तोंड धुताना डोळे मिटले तरी अशा माणसाचा तोल जातो. आज आपल्याकडे अशी माणसे जुन्या मधुमेहामुळे दिसतात. म्हणून सांगून ठेवतो: ज्यांना मधुमेह आहे आणि पाय बधिर, कापसावर चालल्यासारखे वाटतात, त्यांनी वर सांगितलेली परीक्षा एकट्याने करू नये. त्यांचा प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी दवाखान्यात यावे.

आता अगदी सुरुवातीच्या दिवसांकडे वळतो, कारण खरा घोटाळा तिथेच होतो. पाय मुरगळला की आपल्याकडे पहिल्या तासाभरात कोणी तरी तेल चोळायला बसतो. शेजारची मावशी विटेने शेकते. कोणी हाडवैद्याकडे नेऊन "उतरलेला घोटा बसवून" आणतो, आणि झटका देताना उरलेली पट्टीही तुटते. पहिले दोन-तीन दिवस चोळणे, शेकणे आणि ओढणे तिन्ही वर्ज्य. आत बारीक रक्तस्राव चालू असतो, तो वाढतो. आंबेहळदीचा कोमट लेप लावला म्हणून मी कोणाला रागावत नाही, फक्त तो चोळून लावू नका. पाय उशीवर उंच ठेवा, घोट्याला क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळा, बोटे निळी किंवा बधिर झाली तर लगेच सोडा. बर्फ फडक्यात बांधून पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चारदा. त्याने वेदना कमी होतात. बर्फ थेट कातडीवर ठेवू नका.

एक्स-रे कोणाला लागतो? प्रत्येकाला नाही. १९९२ साली कॅनडातल्या ओटावा शहरात डॉ. इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी साधे नियम केले, ते आज जगभर वापरतात. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर अथवा टोकावर बोटाने दाबून दुखते का. पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जो उंचवटा लागतो तिथे, किंवा आतल्या बाजूला पावलाच्या कमानीच्या वरच्या हाडावर दाबून दुखते का. आणि मुरगळल्यानंतर लगेच व दवाखान्यात आल्यावरही त्या पायावर भार देऊन चार पावले टाकता येत नाहीत का. यांपैकी एक जरी "हो" निघाले तरी एक्स-रे काढावा. सगळे "नाही" असेल तर हाड मोडले असण्याची शक्यता फारच कमी. मधुमेहाने पाय बधिर असलेल्यांना आणि दारूच्या अमलाखाली असलेल्यांना हा नियम लावू नये, त्यांना दुखते ते कळतच नाही. मोंढ्यातला एक हमाल मोडलेल्या हाडावर दोन दिवस पोती उचलून माझ्याकडे आला होता, तेव्हापासून मी हा प्रश्न आधी विचारतो.

हाड मोडलेले नसेल तर दीर्घ विश्रांतीही नको. पूर्वी आम्ही तीन-तीन आठवडे पाय प्लास्टरमध्ये घालत होतो. आता साध्या मुरगळण्यात तसे करत नाहीत. दोन-तीन दिवसांनी, दुखणे सोसेल एवढा भार देऊन, बँडेज किंवा घोट्याचा पट्टा बांधून चालायला लागावे. बसल्या जागी पावलाने हवेत अ, आ, इ, ई गिरवायचे. लहान मुले हे आवडीने करतात, मोठी माणसे लाजतात.

चालताना लंगडणे थांबले की खरा सराव सुरू. रोज पंधरा मिनिटे पुरतात. पहिला आठवडा मुरगळलेल्या पायावर डोळे उघडे ठेवून उभे राहायचे, ओट्याला किंवा दाराच्या चौकटीला एक बोट लावून. मग बोट काढायचे. सकाळी दात घासताना हा सराव सहज होतो, वेगळा वेळ लागत नाही. तीस सेकंद स्थिर राहता येऊ लागले की त्याच पायावर उभे राहून कोणाकडून तरी चेंडू झेलायचा, परत फेकायचा. घरातल्या नातवाला कामाला लावा. नजर चेंडूकडे गेली की घोट्याला स्वतःचे काम स्वतः करावे लागते. त्यानंतर डोळे मिटून. त्यानंतर घडी घातलेल्या गोधडीवर किंवा उशीवर, आधी डोळे उघडे, मग मिटून. मऊ पृष्ठभागावर तळव्याची खबर पुसट होते, म्हणून काम अवघड होते आणि तोच त्याचा उपयोग. फ्रीमन यांच्या फळीसारखी फळी सुताराकडून करून घेता येते. दीड फूट फळीच्या खाली मधोमध अर्धगोल ठोकळा. पण ती हवीच असे नाही, आणि म्हाताऱ्यांनी तर तिच्या वाटेला जाऊ नये.

जोडीला स्नायूंची ताकद. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा खाटेच्या पायाला बांधा, दुसरे टोक पावलाच्या बाहेरच्या कडेला अडकवा आणि पाऊल बाहेर ओढा, सावकाश परत आणा. पंधरा वेळा. मग भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या, आधी दोन्ही पायांवर, पुढे एकाच पायावर. दुखणे वाढले किंवा संध्याकाळी घोटा सुजला तर एक पायरी मागे या.

हा सराव किती दिवस? लोकांना सात दिवसांचे उत्तर हवे असते. कमीत कमी सहा ते आठ आठवडे, आणि अस्थिबंधाला पूर्ण बळ यायला त्याहूनही जास्त काळ लागतो. फायदा होतो का, हेही मोजून पाहिलेले आहे. हॉलंडमध्ये नुकताच घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंचे दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या उपचारानंतर आठ आठवडे घरच्या घरी, आठवड्यातून तीनदा, तोलाचा सराव करायला सांगितला. दुसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. २००९ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वर्षभरात सराव न करणाऱ्यांत शंभरातल्या तेहतिसांचा घोटा पुन्हा मुरगळला, सराव करणाऱ्यांत बाविसांचा. सराव केला म्हणजे कधीच मुरगळणार नाही असे मी म्हणत नाही. पण शंभरात अकरा घोटे वाचतात, तेही एक पैसा न खर्चता.

धावपळीच्या खेळाकडे परतायला घाई नको, याचे उदाहरण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले आहे. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर विश्वचषकाच्या सामन्यात बांगलादेशच्या फलंदाजाने सरळ मारलेला चेंडू पायाने अडवताना हार्दिक पांड्याचा डावा घोटा मुरगळला. त्या षटकाचे उरलेले तीन चेंडू विराट कोहलीने टाकले. पुढच्या एक-दोन सामन्यांत तो परत येईल असे सगळे धरून चालले होते. ४ नोव्हेंबरला तो स्पर्धेतूनच बाहेर झाल्याचे जाहीर झाले. देशातले उत्तम डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट हाताशी, मायदेशात विश्वचषक चालू, तरीही त्याला उतरवले नाही. आयपीएलमध्ये तो दिसला तो थेट मार्च २०२४ मध्ये. आणि आपली पोरे आठव्या दिवशी क्रेप बँडेज बांधून पिच खोदायला जातात.

खो-खोवाल्यांना तर हे जास्त लागू आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले, आणि दोघांचेही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. तेव्हापासून गावोगावच्या शाळांत खो-खोला पुन्हा रंग चढला आहे, याचा आनंदच आहे. पण या खेळात खांबाला वळसा घालताना आणि पाठलागात एकदम दिशा बदलताना सगळा भार एका पायावर, तोही तिरका येतो. क्रीडाशिक्षकांनी मैदानावर सराव सुरू करण्यापूर्वी मुलांना पाच मिनिटे एका पायावर उभे करावे, चेंडू झेलायला लावावा. ज्याचा घोटा पूर्वी मुरगळला आहे त्याने निदान वर्षभर खेळताना पट्टा बांधावा. पट्ट्याने घोटा कमजोर होतो ही समजूत खरी नाही, मात्र पट्टा बांधला म्हणून सराव सोडू नये.

परतूरकडची एक मावशी कापूस वेचायला जायची. तिचा घोटा दोन वर्षे असाच दगा देत होता. काळ्या रानात, सरीतून वरंब्यावर पाय टाकला की वळायचा. शेवटी तिने रानात जाणेच सोडले, रोजी बुडाली, आणि घरच्यांनी "हिला कामाची चुकारी आहे" म्हणायला सुरुवात केली. तपासले तर सूज नाही, एक्स-रे स्वच्छ. दिसत काहीच नाही, म्हणून कोणी विश्वास ठेवत नव्हते. मी तिला एका पायावर उभे राहायला सांगितले तर म्हणाली, "बगळ्यावानी उभी राहू का डॉक्टर? लोक हसतील की." मी म्हणालो, "चूल पेटल्यावर दूध उतू जायची वाट पाहत उभी असतेस, तेव्हा कोण बघतंय?" ती हसली. दोन महिन्यांनी आली ती रानातूनच, पायाला माती तशीच. तिच्या चपलेची टाच बाहेरच्या बाजूने झिजून तिरकी झाली होती, तीही आम्ही बदलायला लावली. झिजलेली चप्पल पाऊल रोज आत कलंडवत असते, हे लक्षात ठेवा.

अंगारकीला इथून राजूरच्या गणपतीला रात्रभर पायी जाणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. अंधारातला रस्ता, थकलेले स्नायू, रबरी सपाता. दरवेळी दुसऱ्या दिवशी तीन-चार घोटे माझ्याकडे येतात, आणि विचारल्यावर बहुतेक जण सांगतात की हाच पाय पूर्वीही मुरगळला होता.

सराव नेटाने करूनही तीन महिन्यांनंतर घोटा वळतच असेल, सांध्यात काही अडकल्यासारखे वाटत असेल, किंवा आत खोलवर दुखत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. काहींचा अस्थिबंध पुरता तुटून सैल राहिलेला असतो, काहींच्या सांध्यातल्या कूर्चेला इजा झालेली असते. थोड्यांना शस्त्रक्रिया लागते. पण ते थोडेच.

त्या पोराचे सांगायचे राहिले. त्याच्या मैदानी चाचणीला तेव्हा पाच आठवडे उरले होते. सोळाशे मीटर धावणे, शंभर मीटर, गोळाफेक. मी स्पष्ट सांगितले की या खेपेला उतरू नकोस. पोराच्या डोळ्यांत पाणी आले, वडील काही न बोलता उठून गेले. एका भरतीसाठी ही पोरे काय काय गहाण टाकतात ते मला ठाऊक आहे, वयाची अट डोक्यावर असते. आठ दिवस त्या घरातून कोणी आले नाही. नवव्या दिवशी तो एकटाच आला आणि म्हणाला, "सर, ते एका पायावर उभं राहायचं पुन्हा दाखवा."

साडेतीन महिने त्याने सराव केला. आधी चालणे, मग सरळ रेषेत हळू पळणे, मग आठच्या आकड्यात पळणे, मग एका पायावर उड्या, आणि सगळ्यात शेवटी वेगाने धाव. नवी भरती निघाली की तो उतरणार आहे.

मागच्या आठवड्यात तो आजीच्या बीपीच्या गोळ्या न्यायला आला होता. मी त्याला तिथेच, रांगेतल्या लोकांसमोर, चपला काढून डोळे मिटायला लावले. डावा पाय एकतीस सेकंद, उजवा सव्वीस. मी त्याचे जुने कार्ड मागवून त्यावर तारीख आणि दोन्ही आकडे लिहिले.